मास्तरांनी बांधून दिलेली पुस्तकं

एलिया मास्तरांनी मला फसवलं, आणि वीस वर्षं इतक्या प्रेमानं फसवलं, की अजूनही सांगताना मला आधी हसू येतं आणि राग मागून येतो. मी हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करतो, उरलेलं वर्ष एका राइस मिलमध्ये बिलं लिहितो. त्यामुळे माझं बोलणं लोक अर्धं सोडून देतात. हे मात्र सोडू नका.

आमची ख्रिस्ती मंडळी भंडाऱ्यातली, लहानशी. रविवारी उपासनेला साठ-सत्तर माणसं, त्यातली निम्मी कारध्याहून आणि आसपासच्या गावांतून येणारी. चर्चमध्ये मागच्या भिंतीला एक लाकडी कपाट, आणि त्या कपाटापाशी उभे असलेले एलिया मास्तर. चर्चचे पाळक आले, पाळक बदलले. मास्तर आणि कपाट तिथंच.

ते जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यानुभवाचे शिक्षक होते. पोरांना टोपल्या विणणं, खडू बनवणं आणि पुस्तकं बांधणं शिकवायचे. निवृत्त झाल्यावर पहिली दोन गेली, पुस्तकं बांधणं राहिलं. ख्रिस्ती पुस्तकं मराठीत मिळतात कमी, आणि मिळतात ती दोन माणसांच्या हातून गेली की पानं सोडतात. मास्तर नागपूरच्या फुटपाथवरून, जुन्या मिशन बंगल्यांच्या अडगळीतून, मेलेल्या पाळकांच्या घरांतून अशी पुस्तकं गोळा करायचे, घरी आणून उसवायचे आणि नव्यानं शिवायचे. वर खाकी कापडाचा पुठ्ठा. कडा सुरीनं अशा साफ कापायचे, की हात फिरवावा. कापताना छापील पान-आकडे जायचे, म्हणून प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं स्वतः आकडे घालायचे. अनुक्रमणिकासुद्धा स्वतःच्या हातानं लिहायचे, मोत्यासारख्या अक्षरात. आम्ही बाहेरच्या पाहुण्यांना ते कपाट उघडून दाखवायचो, जसं लोक नवीन सुनेचे दागिने दाखवतात. मास्तरांच्या अंगाला कायम खळीचा आणि मोरचुदाचा वास यायचा. खळीत मोरचूद घातलं की पुस्तकांना कसर लागत नाही.

"कसा आहेस?" हे मास्तरांनी कुणाला कधी विचारलं नाही. सायकलवरून उतरत एकच विचारायचे, "सध्या काय वाचून राहिला?" काहीच नाही म्हटलं तर चेहरा असा पाडायचे, की समोरच्याला वाटावं आपण दोन दिवस जेवलो नाही आणि आपल्याला ते कळलंच नाही.

आणि माणूस पाहून पुस्तक द्यायचे. नव्यानं विश्वासात आलेल्याला ते बायबल पहिल्या पानापासून कधीच वाचू देत नसत. "सरळ निघशीन तर यज्ञाच्या नियमांत जाऊन फसशीन. चार शुभवर्तमानांतलं सगळ्यांत लहान आधी घे." मग बायबलातली पत्रं. त्यावर त्यांचं ठरलेलं भाषण होतं. "पोरीचं सासरहून पत्र आलं तर आज एक ओळ, उद्या एक ओळ असं वाचता का जी? बसता, अना पूर्ण वाचता. मंग हे पत्र काहून तुकडे करून वाचता?" ते ऐकून मी एक अख्खं पत्र एका बैठकीत वाचलं आणि पहिल्यांदा मला कळलं, की ते लिहिणारा माणूस मध्येच चिडला आहे, मध्येच रडला आहे. त्याआधी माझ्या लेखी तो भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरातला माणूस होता. हे ऋण मी नाकारत नाही. भाष्यग्रंथ मागितला तर मूळ उतारा तीनदा वाचल्याशिवाय देत नसत, आणि तीनदा वाचला की नाही हे तोंडी परीक्षा घेऊन बघायचे, तेही चर्चच्या दारात, चपला घालता घालता.

एकदा एक तरुण पाळक आले. त्यांनी येताना खोकंभर चकचकीत पुस्तकं आणली. चाळीस दिवसांत आशीर्वाद, पन्नास दिवसांत भरभराट, असली. मुखपृष्ठावर लेखकाचा स्वतःचाच फोटो, कोट घालून. त्यांनी मोठ्या मनानं एक मास्तरांना दिलं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, सांगा मंडळीला, कसं आहे पुस्तक?"

मास्तर उठले. चष्मा पुसला. पुस्तक उलटंसुलटं केलं.

"कागद चांगला हाये," म्हणाले आणि खाली बसले.

खोकं तिसऱ्या दिवशी पाळकांच्या पलंगाखाली गेलं.

तुमसरला दरवर्षी मंडळ्यांची बायबल प्रश्नमंजूषा व्हायची. आमचे तिघं मास्तरांनी तयार केलेले, मास्तरांनीच बांधलेल्या एका अभ्यासाच्या पुस्तकावर. पहिल्या पाच फेऱ्या आम्ही उडवल्या. सहाव्या फेरीत प्रश्न आला: देवाशी भांडून मग उत्तराची वाट पाहत बुरुजावर उभा राहिलेला संदेष्टा कोण? आमचे तिघं एकमेकांकडे बघायला लागले. बायबलात तो होताच, पण लहान संदेष्ट्यांपर्यंत आमच्यातलं कुणी पोचलंच नव्हतं. परीक्षक म्हणाले, "अहो, ठरवून दिलेल्या पुस्तकात यावर अख्खा धडा आहे!" आमचा सगळ्यांत हुशार गडी उभा राहून ओरडला, "नाही जी! आमचं पुस्तक पाठ हाये!" पुस्तकच पुढे करणार होता, पण मास्तरांनी त्याचा सदरा धरून खाली बसवलं. "हरलो तर हरलो," म्हणाले, "भांडू नोको." परतीच्या बसमध्ये आम्ही तुमसरवाल्यांना बेइमान ठरवलं. मास्तर खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहत होते. किती नम्र माणूस, असं मला वाटलं होतं. वाटलं होतं!

आता मार्थाबाईचं सांगतो.

मार्थाबाई कारध्याची. तिचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा ती नवऱ्याबरोबर इकडे आली. नवरा लवकर वारला. मासळी विकून तिनं एकुलत्या एक आशिषला वाढवलं. आशिष आमच्याच मिलमध्ये फिटर होता. चोवीस वर्षांचा, अंगापिंडानं मजबूत, पण अक्षराचा शत्रू. त्याला बाप्तिस्मा घ्यायचा होता. आमच्याकडे बाप्तिस्मा वैनगंगेत होतो, कारध्याच्या घाटावर, आणि त्याआधीची तयारी मास्तरांच्या हातात. वहीत चाळीस प्रश्नांची उत्तरं स्वतः लिहून आणायची, मगच नदी. आशिषची उत्तरं सव्वीसपर्यंत झाली होती. मी म्हटलं, "मास्तर, पोराला लिवता येत नाही नीट, तोंडी घ्या ना." मास्तर म्हणाले, "नाटक्या, घाई तुह्या रंगमंचावर. पुढच्या खेपेले उतरंल तो."

पुढची खेप आशिषला मिळाली नाही. धान कापणीला तो मामाकडे गेला, बांधीत साप चावला, दवाखान्यात नेईपर्यंत संपला.

मातीच्या दिवशी मास्तर कबरीपासून बरेच लांब उभे होते. आणि मंडळीत कुजबुज सुरू झाली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मार्थाबाई पाठीमागचं ऐकायला शिकलेली बाई. बाप्तिस्म्याविना गेला, म्हणजे आता त्याचं काय? प्रभूच्या राज्यात तो आत की बाहेर?

महिन्याभरानं मास्तर तिच्या अंगणात गेले आणि एक पुस्तक देऊन आले. दुःखावर लिहिलेलं, जुन्या काळच्या एका मोठ्या विद्वानाचं. खाकी पुठ्ठा, लाल आकडे. "हळू वाच," म्हणाले, "पण पूर्ण वाच."

मार्थाबाई पाचवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून, मोठ्यानं वाचायची. ते पुस्तक तिनं चार वर्षांत किती वेळा वाचलं देव जाणे. मासळीच्या टोपल्याशेजारी ते प्लास्टिकच्या पिशवीत असायचं. एकदा बायांच्या सभेत कुणीतरी पुन्हा तो विषय काढला, तेव्हा तिनं पुस्तक मांडीवर आपटलं. "एवढं मोठं पुस्तक हाये. मरणावरच हाये. दाखवा कुठं माह्या पोराच्या विरोधात एक शब्द हाये! मास्तरनं देल्लं हाये, काही लपवून नाही देल्लं." त्या दिवसापासून कुजबुज बंद. मार्थाबाई त्या पुस्तकावर उभी होती, अक्षरशः.

आणि मी शहाणा! तिच्या पुस्तकाला मासळीचं पाणी लागून पानं फुगलेली पाहिली, आणि नागपूरला फुटपाथवर तेच पुस्तक दिसलं तर तिच्यासाठी घेऊन आलो. फाटकं होतं, पण मूळ बांधणीतलं. तिला दिलं आणि नाटकात टाळी घेतल्यासारखी मान डोलावली.

चौथ्या दिवशी ती मिलमध्ये आली. दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली, बिलांच्या गठ्ठ्यावर.

"भाऊ, हे पाय. इथंवर दोन्ही सारखी. अना इथं, माह्या पुस्तकात थो 'सोबती' नावाचा धडा येते. तुह्या पुस्तकात त्याच्या आंधी अजून एक हाये."

त्या धड्याचं नाव होतं, 'उंबरठ्यावर थांबलेले'. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की बाप्तिस्म्याची वाट पाहत जे मेले त्यांच्याविषयी पुष्कळ शिक्षकांनी असं म्हटलं आहे, की ते बाहेरच राहतात. पुढचं मी वाचणार, तेवढ्यात तिनं पुस्तकावर हात ठेवला.

"नोको वाचू. मीबी इथंच थांबली. हे मले मास्तरच्याच तोंडून ऐकायचं हाये."

पुढच्या रविवारी उपासना संपली. मास्तर कपाटापाशी उभे होते, एका पोरीला अभ्यासाच्या पुस्तकाबद्दल काही समजावत. मार्थाबाई गेली आणि दोन्ही पुस्तकं कपाटाच्या फळीवर ठेवली, उघडी. मास्तरांनी एकदा पाहिलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावरून रंग उतरला तो मी तीन हातांवरून पाहिला, आणि तेव्हा मला समजलं, की त्या लाल आकड्यांचा, त्या मोत्यासारख्या अनुक्रमणिकेचा अर्थ काय होता.

"कापलं तुम्ही?" मार्थाबाई म्हणाली.

"हाव."

"काहून?"

"तुले झेपलं नसतं, मार्था."

"पोरगं गेलं ते झेपलं जी मले. अना चार पानं नसती झेपली?"

चर्चमधून बाहेर निघालेली माणसं परत आत यायला लागली. पाळकांनी "आपण घरी बसून बोलू" असं काहीतरी म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

"अजून कायकाय कापलं?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

मास्तर कपाटाकडे पाहत म्हणाले, "जे जे माणसाले मोडंल असं वाटलं, ते ते. बायबलाले कधी सुरी लावली नाही."

"बायबलात तर सगळं हाये," मार्थाबाई म्हणाली. "भावानं भाऊ मारलेला हाये. लेकरं गेलेली हायेत. देवाले शिव्या घातल्यासारखं बोललेले लोक हायेत. देवानं आपल्या पुस्तकातून काही कापलं नाही. तुम्ही कोण?"

तिनं फुटपाथवरचं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

"आता वाचा. पूर्ण. मोठ्यानं."

"मार्था, पुढं काय लिहिलं हाये मले माहीत नाही."

"म्हणजे?"

"पहिलं पान वाचलं. पुढं धीर नाही झाला. तसंच कापलं, अना पानं चुलीत घातली."

कापलं हे एक वेळ समजू शकलो असतो. पण न वाचता! ज्या माणसानं मला एका ओळीवर थांबू नको म्हणून शिकवलं, तो स्वतः एका पानावर थांबला होता. आणि त्या क्षणी त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, की पुढची पानं आशिषला आत घेतात की बाहेर ठेवतात. मार्थाबाईलाही नाही.

"वाचा," ती म्हणाली. "बाहेर असंल तर बाहेर. पण मले कळू द्या."

मास्तरांनी चष्मा घातला. आवाज असा लागला जसा पहिल्यांदा रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या पोराचा लागतो. पहिलं पान वाचलं: बाहेर, बाहेर, बाहेर, अमुक शिक्षक असं म्हणतात, तमुक तसं. दुसरं पान तसंच. मार्थाबाईनं कपाटाची कड धरली होती. तिसऱ्या पानावर लेखकानं लिहिलं होतं, की हे सगळे शिक्षक चुकले, आणि ते का चुकले हे मी आता सांगतो. मास्तर तिथं थबकले, पुन्हा तीच ओळ वाचली, स्वतःसाठी. मग पुढे वाचत गेले. जो निघाला तो निघाला, प्रभू चालणाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते पाहतो, असं काहीसं होतं. माझ्या शब्दांत ते नीट येत नाही. मागे कुणीतरी बाई रडायला लागली. मार्थाबाई रडली नाही. ती फक्त कड सोडून सरळ उभी राहिली.

आणि शेवटच्या परिच्छेदात मास्तर अचानक थांबले. डोळे पुढच्या ओळीवर गेले होते, ओठ हलत नव्हते.

"वाचा ना जी."

"मार्था..."

"वाचा म्हणते."

त्यांनी वाचलं. ज्याला दुसऱ्या कुणी दारात थांबवून ठेवलं, त्याच्या थांबण्याचा जाब त्याला विचारला जाणार नाही. थांबवणाऱ्याला विचारला जाईल.

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि बंद पडली. मार्थाबाईनं फाटकं पुस्तक उचललं, पिशवीत घातलं. खाकी पुठ्ठ्याचं मास्तरांच्या हातात दिलं.

"चार वर्षं," ती म्हणाली, "मी लोकायशी भांडली, का माह्या पोराच्या विरोधात कुठं लिहिलं नाही. अना त्याच्या बाजूनं लिहिलेलं होतं ते तुमच्या चुलीत गेलं."

ती गेली. तिनं मास्तरांना क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर ती उपासनेला यायची, पुढच्या बाजूला बसायची, आणि परतताना कपाटाच्या बाजूच्या दारानं जायची नाही.

मी घरी जाऊन माझी सगळी खाकी पुस्तकं काढली. पुढचे दोन महिने नागपूरच्या फुटपाथवर आणि ओळखीच्या पाळकांकडे मूळ प्रती शोधत फिरलो. तुमसरच्या त्या अभ्यासाच्या पुस्तकातला बुरुजावरचा संदेष्टा सापडला. मास्तरांना त्याचं देवाशी भांडणं आमच्यासाठी जड वाटलं असावं. आणि विश्वासणाऱ्यानं आपला व्यवसाय कसा निवडावा, यावरचं माझं सर्वांत लाडकं पुस्तक! त्यावर विसंबून मी वीस वर्षं निर्धास्तपणे तोंडाला रंग फासला, लुगडं नेसून नाचलो, आणि घरच्यांना सांगत आलो, की बघा, एवढ्या मोठ्या लेखकाला नाटकाचं काही वावडं नाही. मूळ प्रतीत नाटकांवर अकरा पानं होती. अकरा! विदूषकासाठी त्यात वेगळा परिच्छेद होता, आणि लेखकानं त्याला सरळ नरकाचा रस्ता दाखवला होता.

मी खूप हसलो. बायको म्हणाली, "अहो, त्यांनी तुमच्यासाठीच केलं ना ते?" हो, माझ्यासाठीच केलं. पण त्या लेखकाशी भांडायचा हक्क माझा होता. मी भांडलो असतो, कदाचित हरलो असतो, कदाचित जिंकलो असतो आणि मग जो नाचलो असतो तो माझ्या हिमतीवर नाचलो असतो. मास्तरांनी माझी ती लढाई परस्पर निकाली काढली आणि वर अनुक्रमणिका लिहून दिली.

कपाटाची किल्ली त्यांनी पाळकांकडे दिली. मग ऐकलं, की ते बपेऱ्याला मुलीकडे राहायला चालले. जाताना मला भेटतील असं वाटलं होतं, नाही भेटले. ज्या सकाळी ते निघणार होते, मी स्वतः भंडाऱ्याच्या बसस्टँडवर गेलो. वाटेत संवाद पाठ केले होते, चांगले धारदार. तीन पानांचं स्वगत म्हणा ना.

त्यांची तुमसरमार्गे जाणारी बस लागलेली होती. मास्तर खिडकीशी बसले होते, मांडीवर एक पुस्तक. न बांधलेलं, कव्हर निघालेलं, पानं सुटी. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तळहातानं दाबून धरलेली. मला पाहून उठायला गेले, पण पानं सांभाळावी लागली, म्हणून तसेच बसले. मी खिडकीखाली उभा राहिलो. माझं स्वगत राहिलं बाजूला, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"माझी पोरगी नर्सिंगला लागली, मास्तर. तिला द्यायला चांगलं पुस्तक पाहून राहिलो. हे कसं आहे?"

वीस वर्षांत या प्रश्नाला त्यांना अर्धा क्षणही लागला नव्हता. त्यांनी खाली पानांकडे पाहिलं, बराच वेळ.

"माहीत नाही रे," म्हणाले. "अजून वाचून राहिलो."

कंडक्टरनं घंटी वाजवली. बस वळून फाटकाबाहेर पडेपर्यंत मी पाहत होतो. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. एक पान झालं, ते त्यांनी उचलून गठ्ठ्याच्या तळाला घातलं, आणि पुढचं घेतलं.